विहिरीत पहिला उतरणारा

आमच्या घरी यारी आहे. शहरातल्या वाचकांसाठी आधी एवढं सांगते की यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवून उभी करायची लोखंडी क्रेन. तिच्या पोलादी दोराला मोठा डबा अडकवलेला असतो. डबा विहिरीत सोडायचा, खालच्या माणसांनी त्यात फुटलेला दगड भरायचा, वर इंजिनानं तो ओढून घ्यायचा आणि काठावर रिकामा करायचा. माणसंही त्याच डब्यातून उतरतात आणि चढतात. म्हसवडच्या आसपास जुन्या विहिरी खोल करायच्या असल्या की लोक आमच्याकडे येतात. कोणाची विहीर किती खोल गेली, कुठे कसला दगड लागला, पाणी कोणत्या बाजूनं फुटलं, याची माझ्याकडे यादी आहे. माझ्याकडे सगळ्याचीच यादी असते. डिझेल, ग्रीस, दोर कधी बदलला, कोणाला आंबट ताक चालत नाही. घरात यावरून चेष्टा होते. माझे पती दत्ता म्हणतात, "हिच्या याद्यांची यादी कोण ठेवणार?" तीही मीच ठेवते.

हा धंदा सुरू केला माझ्या सासऱ्यांनी. घरात ते नाना, बाहेर सुभेदार. सैन्यात ते इंजिनिअरांच्या पलटणीत होते. पूल बांधणं, रस्ते फोडणं, पेरलेले सुरुंग शोधून काढणं, ही त्यांची नोकरी. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ वारलेला होता. भावाची बायको, दोन मुलं, एक बहीण माहेरी परतलेली, शिवाय स्वतःचा संसार. नानांनी हिशेब केला आणि बँकेत रखवालदाराची नोकरी मिळत असताना यारी घेतली. "बंदूक घिऊन दारात हुबा ऱ्हायलो तर एक घर चालंल," ते म्हणाले होते, "मला तीन चालवायची हायत." पुढे तिन्ही घरांतली लग्नं, शिक्षणं, बाळंतपणं त्या डब्यातून वर आली असं म्हटलं तरी चालेल.

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे वर माती हातभर. मग मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे फिकट, भुसभुशीत खडक, तो पहारीनंही फुटतो. त्याखाली काळा पाषाण. तिथे सुरुंगच लागतो. कॉम्प्रेसरनं तळाला भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, वाती लावायच्या. दारू आम्ही घरी ठेवत नाही, परवानावाला माणूस ती गाडीतून घेऊन येतो आणि उरलेली घेऊन जातो. दारू भरण्याचा परवाना, आमच्या बोलण्यात भरण्याचा कागद, नानांच्या नावावर होता. वाती कमी-जास्त लांबीच्या ठेवतात, त्यामुळे बार एकदम उडत नाहीत, एकामागून एक उडतात. का, तर मोजता यावेत म्हणून. जितकी भोकं तितके आवाज ऐकू आले पाहिजेत. एक जरी कमी आला तर आमच्यात म्हणतात, "बार राहिला." राहिलेला बार मेलेला नसतो. वात आत धुमसत असते. तो थोड्या वेळानं उडेल, माणूस वाकल्यावर उडेल, किंवा पहार लागली की उडेल. म्हणून बार राहिला की दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीत कोणी उतरायचं नाही. मालक कितीही बोलला तरी नाही.

आणि मोजणी पुरी झाली, धूर निघून गेला, की पहिले उतरायचे ते नाना. एकटे. तळाला फिरून, कडा बघून, सैल दगड पाडून ते शिट्टी मारायचे, मगच बाकीची माणसं खाली जायची. यात कधी बदल झाला नाही. ताप असला तरी नाही, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही नाही. दत्ता तरण्याबांड वयात एकदा म्हणाले, "आज मी जातो की." नानांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. औंधकडचे एक निवृत्त गुरुजी प्रत्येक बाराला मुहूर्त काढायचे. एकदा त्यांचा मुहूर्त आणि आमची जेवणाची वेळ एकच आली, तर सगळी माणसं भाकरी हातात घेऊन बांधाआड बसली होती. एक आजी विहिरीजवळच्या छपरातून हलायला तयार नव्हत्या. "तव्यावर भाकरी हाय, ती काय तुझा बाप उलटणार का?" असं त्यांनी नानांनाच विचारलं. नानांनी बार थांबवला, भाकरी भाजून होऊ दिली, मग आजींना आणि भाकरीला दोघांनाही हलवलं. पुढे मी विहिरीवर जायला लागल्यावर जत तालुक्यात काम निघालं की माझी गरज लागायची, कारण माझं माहेर तिकडचं आणि मोडकंतोडकं कन्नड मला येतं. तिथला एक मालक मल्लाप्पा दर तासाला काठावर येऊन विचारायचा, "नीरु बंता?" म्हणजे पाणी आलं का. सात-आठ दिवसांत आमची सगळी माणसं एकमेकांना तेच विचारायला लागली. चहा आला नाही तरी "नीरु बंता?"

आता मूळ गोष्टीकडे येते.

मी लग्न होऊन आल्यावर कितीतरी वर्षं विहिरीवर गेले नाही. बाईमाणूस कामावर आलं तर पाणी आटतं, असं काही लोक मानतात. मी घरून डिझेल, माणसं, जेवण, निरोप बघायचे. एका उन्हाळ्यात नाना अचानक म्हणाले, "सूनबाई, उद्यापासनं हिरीवर येत जा. बार मोजायला. दोघांनी मोजल्यालं बरं असतं."

मला फार बरं वाटलं. अखेर घरात कोणाला तरी माझ्या व्यवस्थितपणाची किंमत कळली, असं वाटलं. इंजिन चालवणारे सर्जेराव कुरकुरले, "सुभेदार, बाईमानूस हिरीवर?" नाना म्हणाले, "पानी बाईलाच इचारून येतंय रं. घरात कोन भरतंय?" विषय संपला.

विहिरीवर वही उघडायची सोय नसते. धूळ, वारा, हातात कधी दोर, कधी कोणाचा जेवणाचा डबा. म्हणून मी पेरांवर मोजायचे. अंगठ्यानं करंगळीच्या खालच्या पेरापासून सुरुवात, एक बार एक पेर. प्रत्येक बोटाला तीन. नाना माझ्या समोर, थोडे तिरके उभे राहायचे. शेवटचा बार झाला की आधी ते आकडा सांगायचे, मग मी. दरवेळी दोघांचा आकडा जुळायचा. मला त्याचाही अभिमान होता.

त्या दिवशी काम भीमरावतात्यांच्या विहिरीवर होतं. तात्या म्हणजे स्वभावानं घाईचे, त्यातून मुलाचं लग्न तोंडावर आणि डाळिंबाची बाग वाळत चाललेली. सकाळपासून त्यांचं एकच चाललं होतं, "सुभेदार, आज पानी लागलंच पायजे. उद्याचं मला सांगू नगा." तळाला पाण्याचा पाझर सुरू झाला होता, दगड ओला झाला होता. ही चांगली खूण. नऊ भोकं पाडून झाली. नानांनी ती भरली, वाती पेटवल्या, डब्यातून वर आले, शिट्टी मारली. आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो.

पहिला बार झाला आणि त्याच वेळी माळावरून वावटळ आली. उन्हाळ्यात आमच्याकडे ती कुठूनही उठते. डोळ्यांत माती, पदर उडायला लागला. मी पदर तोंडावर ओढून घेतला आणि हात पदराआड धरूनच मोजत राहिले. मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर अंगठा आला आणि थांबला. मी वाट बघितली. वावटळ पुढे गेली. पुढचा आवाज आला नाही.

"नऊ," नाना म्हणाले. "झालं."

"आठ," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. असं कधी झालं नव्हतं. भीमरावतात्या लगेच म्हणाले, "आवं वहिनी, वावटळीत एखादा ऐकाया आला नसंल." सर्जेराव म्हणाले, "नायतर दोन जोडीनं उडालं असतील. हुतंय तसं." तसं होतं, हे खरं आहे. दत्ता माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "विमल, नानांनी नऊ ऐकल्यात. त्यांचा कान हाय तो. तू काल मोजाया लागलीस."

मी स्वतःला विचारलं, खरंच चुकलं असेल का? वारा होताच. पण अंगठा मधल्या पेरावरच होता. मी हात पदराबाहेर काढला, अंगठा तसाच ठेवून. आणि बघितलं तर नाना माझ्या हाताकडे बघत होते.

तोंडाकडे नाही, हाताकडे. त्यांची नजर अंगठ्यावर गेली, पेरावर थांबली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी पायाखालची पायरी काढून घेतली. एका क्षणात मला सगळं उमगलं. फोन आला की ते तो नातवाच्या हातात का द्यायचे. जेवताना सगळ्यांच्या तोंडासमोर बसायचे, कडेला कधी नाही. रेडिओ फार मोठ्यानं लावतात म्हणून शेजाऱ्यांशी भांडण झालं होतं. आणि मला विहिरीवर बोलावलं होतं ते कशासाठी. माझा व्यवस्थितपणा नको होता त्यांना. त्यांना माझा अंगठा दिसायला हवा होता.

आज अंगठा पदराआड गेला. विचारणं जमलं नाही. म्हणून त्यांनी भोकांचा आकडा सांगून टाकला.

आता त्यांना कळलं होतं की बार राहिलाय. मला वाटलं ते म्हणतील, थांबा. ते म्हणाले नाहीत. धूर विरळ व्हायला लागला होता. त्यांनी टोपीचा पट्टा आवळला, डब्याकडे चालत गेले आणि आत पाय टाकला.

का, हेही मला तेव्हाच कळलं. थांबा म्हणायचं तर नऊ का म्हणालात, हे सांगावं लागलं असतं. ते सांगितलं की कागद गेला, काम गेलं, तीन घरांचा आधार गेला. त्यापेक्षा स्वतः उतरायचं, बार शोधायचा, निभावलं तर निभावलं. नाही निभावलं तर एकटेच जातील. त्यांच्या आधी तर कोणी उतरत नव्हतंच.

"सर्जेराव, डबा सोडू नका," मी म्हणाले.

सर्जेरावांचा हात दांड्यावर. ते माझ्याकडे बघतात, मग नानांकडे. नानांच्या हुकुमावर दुसरा हुकूम त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

"विमल, गप," दत्ता म्हणाले.

मी गप्प बसले नाही. नानांची पाठ आमच्याकडे होती. मी हाक मारली, "नाना!" मग आणखी मोठ्यानं, "आवं नाना!" पलीकडच्या बाभळीवरचे पारवे उडाले. नानांनी मान वळवली नाही. दत्तांनी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांच्या पाठीकडे. तेही ओरडले, "नाना!"

काहीच नाही.

सर्जेरावांनी इंजिन बंद केलं. ते इंजिन बंद झालं की माळावर एकदम इतकी शांतता होते की लांबच्या वस्तीवरचं कुत्रं ऐकू येतं. त्या शांततेत नाना डब्यात ताठ उभे होते, खाली बघत, आणि हातानं खूण करत होते. सोड. सोड.

 भीमरावतात्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. का घेतला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

डबा हलत नाही म्हटल्यावर नाना वळले. बंद इंजिन बघितलं, सर्जेरावांचे रिकामे हात बघितले, आमचे चेहरे बघितले. मग डब्यातून पाय बाहेर काढला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आठ?"

मी हात पुढे केला. "आठ."

"म्हंजी एक ऱ्हायला."

"व्हय."

त्यांनी गळ्यातली शिट्टी ओठाला लावली आणि लांब फुंकली. काम बंदची खूण. मग बाभळीखाली जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. आता पाठ केली काय आणि तोंड केलं काय, सगळ्यांना सगळं कळलं होतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. दत्ता माझ्यावर चिडलेले होते. "चारचौघांत करायची गरज होती का?" एवढंच ते म्हणाले. त्याला माझं उत्तर तयार होतं. चारचौघांतच डबा उभा होता. बाजूला घेऊन सांगण्याएवढा वेळ नव्हता.

नाना हात धुऊन म्हणाले, "उद्या मीच उतरनार."

दत्ता उठून उभेच राहिले. "तुमाला ऐकू येत न्हाई, नाना!" हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की गल्लीतली दारं उघडली.

"वरडू नगंस," नाना म्हणाले. "तोंड बघून कळतंय मला. बार मी भरलाय. कुठलं भोक किती खोल, मला ठावं. तू उतरून काय करनार? दगडाला इचारनार?"

"मग दुसरा कोनतरी आणू."

"दुसऱ्याच्या घरी मान्सं न्हाईत व्हय?" मग ताटाकडे बघत ते म्हणाले, "पलटनीत एकदा सुरुंग बघाया उतरायचा माझा नंबर हुता. मला चहा आला हुता. दोस्त म्हनला, तू चहा पी, मी बघून येतो."  माझ्या सासूबाईंनी तांब्या उचलून आत नेला. त्यांनाही ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती, हे त्यांच्या चालण्यावरून दिसलं.

मला निर्णय घ्यायची सवय आहे. मी म्हणाले, "नानाच उतरतील. पण कमरेला दोर बांधून. दोराचं टोक माझ्या हातात. एक झटका म्हंजी वर बघा. दोन झटकं म्हंजी डब्यात बसा. काही इचारायचं न्हाई, बसायचं." आणि हे सगळं मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाले. नानांनी मान हलवली. सैन्यातल्या माणसाला खुणा ठरवून दिल्या की बरं वाटतं.

सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. भीमरावतात्या आधीच आलेले, पण घाई संपलेली होती. म्हणाले, "सुभेदार, आज न्हाई पानी लागलं तरी चालंल." नानांनी ते ओठांवरून वाचलं की नाही कोण जाणे. मी दोर त्यांच्या कमरेला बांधला. गाठ त्यांनी सोडली आणि स्वतःची बांधली. डबा खाली गेला.

मी काठावर पालथी पडून बघत होते. दत्ता माझ्या शेजारी, माझे पाय धरून. खाली नाना एवढेसे दिसत होते. ते दगडाच्या ढिगाभोवती एकदा फिरले, काही दगड एकेक उचलून बाजूला ठेवले. टाकले नाहीत, ठेवले. मग एका जागी उकिडवे बसले आणि हात वर करून खूण केली. सापडला. पाझराचं पाणी वातीत शिरलं होतं. राहिलेला बार कसा निकामी करतात ते मी इथे लिहीत नाही. वाचून कोणी करायला जाऊ नये. एवढंच सांगते की त्याला घाई चालत नाही आणि माणूस वाकलेला असतो.

ते वाकलेले असतानाच त्यांच्या मागच्या कडेवरून माती गळायला लागली. बारीक, पिठासारखी. कालच्या बारांनी मुरूम सैल झाला होता. दत्ता ओरडले, "नाना, कड सुटतीया!" सवयीनं ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माझा पाय इतका घट्ट धरला की वळ उठला.

मी दोराला एक झटका दिला. नानांनी वर बघितलं. मी कडेकडे बोट केलं. त्यांच्याकडून कड दिसत नव्हती, ती त्यांच्या पाठीशी होती. त्यांनी एक बोट वर केलं. थांब, होत आलंय. आणि पुन्हा वाकले.

मी दोन झटके दिले. जोरात.

माझ्या लग्नानंतर मी नानांना कोणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचं नाही, सरपंचांचं नाही, सासूबाईंचं तर नाहीच. ते तसेच वाकलेले राहिले, आणि मला वाटलं, आता संपलं. मग त्यांनी हातातलं हळूच खाली ठेवलं, उठले, चार पावलं चालत डब्यात जाऊन बसले. मान वर करून माझ्याकडे बघत. डबा अर्ध्यावर आला तेव्हा कड ढासळली. फार नाही, दोन-तीन पाट्या मुरूम आणि एक दगड. पण ते बसले होते नेमकं तिथेच.

वर येऊन ते पाणी प्यायले. मग दत्तांनी वरूनच लांब पहारीनं ती कड साफ पाडली, नाना पुन्हा उतरले आणि उरलेलं काम करून आले. त्या विहिरीला दोन दिवसांनी पाणी लागलं. तात्यांनी आम्हाला लग्नाचं आवतण दिलं आणि जेवायला नानांना आपल्या शेजारी बसवलं, सगळ्यांना तोंड दिसेल असं.

नंतर मी नानांना कानाच्या डॉक्टरांकडे साताऱ्याला घेऊन गेले. यंत्र मिळालं. ते चार दिवसांत खिशात गेलं. "ह्यात समदी गर्दी ऐकाया येती," ते म्हणायचे, "मानूस ऐकाया येत न्हाई." भरण्याचा कागद दत्तांनी रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतला, त्यासाठी लागणारं सगळं शिकून. पण पहिलं उतरणं नानांनी सोडलं नाही. दोर कमरेला, टोक माझ्या हातात. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे बार चालू असताना ते सरळ माझ्या हाताकडे बघत उभे राहायचे. शेवटचा झाला की विचारायचे, "समदं?" मोजणी पुरी असली की मी मूठ मिटायचे. मग ते विचारायचे, "मग उतरू?"

"उतरा."

मी उतरा म्हटल्याशिवाय त्यांनी डब्यात पाय टाकला नाही. एवढ्या काळात दोनदा बार राहिला. दोन्ही वेळा मी अंगठा पेरावर ठेवून म्हणाले, "एक राहिलाय." ते काही न विचारता बाभळ नाहीतर लिंब बघून खाली बसले.

यारीचं काम आता कमी झालंय. बोअर मारणारी गाडी येते आणि रात्र उलटायच्या आत निघून जाते. आमच्याकडे येतात ते जुन्या विहिरींचे मालक. त्यातही विहिरीत उतरायला माणसं मिळत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. नानांसारखं पहिलं उतरणारं कोणी घरात नसेल तर कोणीच उतरू नये.

गेल्या वर्षी नानांची छाती धरली. आयुष्यभर दगडाची धूळ आणि दारूचा धूर, दुसरं काय होणार. सांगलीला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की जवळच्यांना कळवा. मी यादी केली आणि फोन लावले. तिन्ही घरांतली माणसं आली. नानांचा पुतण्या पुण्याहून, नणंदा सासरहून, त्यांच्या लेकी, जावई, पोरंबाळं. बाहेरच्या बाकावर जागा पुरेना. नर्सबाई म्हणाल्या, "एवढे सगळे एकाचेच?" एकाचेच.

दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते. एकेक जण आत येत होता, त्यांच्या हाताला हात लावून बाहेर जात होता. सवयीनं माझा अंगठा पेरांवरून फिरत होता. कोण आलं, कोण राहिलं. बघते तर नानांचे डोळे उघडे होते आणि माझ्या हातावर होते.

"समदी?" त्यांनी विचारलं. आवाज नव्हता, नुसते ओठ.

माझा मोठा मुलगा, नानांचा नातू, सैन्यात आहे. त्याच पलटणीत. सुट्टी मंजूर होऊन तो सीमेवरून निघाला होता, पण अजून गाडीतच होता.

"मग उतरू?" नाना म्हणाले.

मी मूठ मिटली नाही. अंगठा पेरावर धरला, हात त्यांच्या डोळ्यांसमोर नेला, आणि तोंड नीट उघडून सांगितलं, "थांबा. एक राहिलाय."

त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर म्हणत होते, रात्रही निघणार नाही. नाना थांबले. बार राहिला की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, हा त्यांचाच नियम होता.

दुसऱ्या दिवशी पोरगा स्टेशनवरून सरळ आला, पाठीवर पिशवी तशीच. दारात त्याचे बूट थांबले. तो आजोबांच्या पायाशी ताठ उभा राहिला आणि त्यानं कडक सॅल्यूट केला. नानांनी त्याला बघितलं, बराच वेळ. हात उचलायचा प्रयत्न केला, तो चादरीपासून थोडासाच वर आला. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे वळली.

मी मूठ मिटली.

त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, सावकाश, त्यांना दिसेल असं.

"उतरा, नाना."